भाड्याचे घर : गुंतवणूक कुठे संपते आणि सट्टा कुठे सुरू होतो

निवृत्तीच्या दिवशी हाती येणारी रक्कम, आखातातून किंवा जहाजावरून परतताना साठवून आणलेले पैसे, वडिलार्जित भाटाच्या विक्रीतून आलेला वाटा. गोव्यातील मध्यमवर्गीय कुटुंबात एवढी मोठी रक्कम आयुष्यात बहुधा एकदाच येते. ती आली की घरात पहिला विचार होतो तो एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने देण्याचा. ‘पैसा बँकेत कुजतो, जागा कधी तोट्यात जात नाही’ हे वाक्य पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे ऐकू येते. महागाईचा विचार केला तर या वाक्याचा पहिला अर्धा भाग काही अंशी खरा आहे. दुसरा अर्धा भाग मात्र तपासून पाहावा लागतो, कारण त्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. घर भाड्यातून जे मिळवून देते ती एक, आणि घराचा भाव वाढून जे मिळेल अशी आशा असते ती दुसरी.

अर्थशास्त्रात हा भेद जुना आहे. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रमुख ग्रंथात तो मांडला. मालमत्ता तिच्या संपूर्ण आयुष्यात किती उत्पन्न देईल याचा अंदाज बांधणे हा एक व्यवहार, आणि उद्या बाजारातील लोक तिला किती किंमत देतील याचा अंदाज बांधणे हा दुसरा. या दुसऱ्यालाच त्यांनी सट्टा म्हटले. दोन वर्षे आधी, १९३४ मध्ये, बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी रोख्यांच्या संदर्भात जवळपास हीच रेषा आखली होती. नीट विश्लेषण करून मुद्दल सुरक्षित राहील आणि पुरेसा परतावा मिळेल याची खात्री जिथे पटते ती गुंतवणूक. ही कसोटी जिथे उतरत नाही तो सट्टा. सट्टा म्हणजे पाप किंवा जुगार, असे या दोन्ही ठिकाणी म्हटलेले नाही. सट्टेबाजाला आपण सट्टा खेळतो आहोत हे ठाऊक असले की तो आपल्या ऐपतीप्रमाणे खेळतो. घात होतो तो सट्ट्याला गुंतवणूक समजून म्हातारपणाची पुंजी त्यात घालणाऱ्याचा.

जोखीम हा तिसरा शब्द याच ओघात येतो, आणि तोही वेगळा ठेवायला हवा. भाडेकरू दोन महिने भाडे थकवील, पावसाळ्यात भिंत पाझरेल, पंप जळेल, घर वर्षातून एक महिना रिकामे राहील, या सगळ्या जोखमी आहेत. त्यांचा अंदाज करता येतो, त्यासाठी पैसे बाजूला ठेवता येतात, विमा उतरवता येतो. दहा वर्षांनी माझ्या फ्लॅटला दुप्पट किंमत देणारे गिऱ्हाईक भेटेल की नाही, याचा असा हिशेब मांडता येत नाही.

एक हिशेब

आकड्यांशिवाय हा विषय कळत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत. वाचकाने आपले आकडे घालून तोच हिशेब पुन्हा मांडावा. समजा, पर्वरी किंवा मडगावच्या परिसरात ८० लाखांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि त्याला महिना २२ हजार भाडे येते. दलाल सांगेल, वर्षाला २ लाख ६४ हजार, म्हणजे ३.३ टक्के परतावा. हा ढोबळ परतावा झाला. त्यातून खर्च वजा करत जाऊ.

मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, थोडेफार फर्निचर आणि पंखे-दिवे मिळून ६ लाख धरले, तर घर प्रत्यक्षात ८६ लाखांना पडले. वर्षातून एक महिना घर रिकामे राहते असे मानले, तर भाडे २ लाख ४२ हजारांवर येते. सोसायटीचा देखभाल खर्च महिना ३ हजार, म्हणजे वर्षाला ३६ हजार. घरपट्टी आणि विमा १० हजार. दर दोन वर्षांनी नवा भाडेकरू आला की दलालाला एका महिन्याचे भाडे, म्हणजे वर्षाला सरासरी ११ हजार. उरली डागडुजी. ती लोक हमखास कमी धरतात. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि खारे वारे सोसणाऱ्या प्रदेशात गच्चीचे वॉटरप्रूफिंग, गंजलेल्या जाळ्या, फुगलेली दारे आणि भिंतींवरची बुरशी हा दरवर्षीचा खर्च असतो. तो २५ हजार धरू. एकूण खर्च ८२ हजार, आणि हाती निव्वळ १ लाख ६० हजार. ८६ लाखांवर हा परतावा दोन टक्क्यांच्याही खाली, १.८६ टक्के, येतो. प्राप्तिकर अजून वजा केलेलाच नाही.

आता कर्ज घालू. ८० लाखांपैकी ६० लाख बँकेकडून ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिना सुमारे ५२ हजार बसतो, वर्षाला ६ लाख २५ हजार. पहिल्या वर्षी त्यातले ५ लाखांहून अधिक निव्वळ व्याज असते. भाड्याचे १ लाख ६० हजार म्हणजे या व्याजाचा एक-तृतीयांश हिस्साही नव्हे. उरलेले साडेचार लाखांहून अधिक रुपये मालकाने दरवर्षी आपल्या पगारातून घालायचे.

मालक हे पैसे कशासाठी घालतो? भाववाढीसाठी. तेव्हा भाव किती वाढायला हवा, हाच खरा प्रश्न. हेच पैसे ७ टक्के व्याजाच्या ठेवीत ठेवले असते तर दहा वर्षांनी जे मिळाले असते तेवढेच फ्लॅटमधून मिळवायचे असेल, निव्वळ भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते असे उदारपणे मानले, विकताना दोन टक्के दलाली आणि भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर धरला, तर दहा वर्षांनी हा ८० लाखांचा फ्लॅट सुमारे १ कोटी ६५ लाखांना विकला गेला पाहिजे. म्हणजे सलग दहा वर्षे दरसाल साडेसात टक्के वाढ. ठेवीच्या व्याजावरही कर असतो, त्यामुळे प्रत्यक्षात ही अट थोडी सैल होईल; पण थोडीच. भाव दरसाल ४ टक्क्यांनीच वाढला तर? कर्ज, दलाली आणि कर फेडून दहा वर्षांनी हाती सुमारे ७० लाख येतात. त्यासाठी तोवर खिशातून घातलेली रक्कम असते ६८ लाखांच्या आसपास. दहा वर्षांत दोन लाख. आणि भाव आहे तिथेच राहिला, तर ६८ लाख घालून हाती ३६ लाख येतात.

हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. गोव्यात काही ठिकाणी, काही काळात भाव साडेसात टक्क्यांहून कितीतरी वेगाने वाढले आहेत, आणि त्या काळात घेणाऱ्यांचे भले झाले आहे. पण त्यांना जे मिळाले ते भाड्यातून नव्हे. आपला नफा कोणत्या वाटेने यायचा आहे, एवढे या हिशेबातून दिसते.

मिन्स्कींची पायरी

हायमन मिन्स्की (१९१९–१९९६) या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने कर्ज काढून मालमत्ता घेणाऱ्यांचे तीन वर्ग केले होते. २००८ च्या अमेरिकी गृहकर्ज संकटानंतर त्यांचे नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी आले, पण हे वर्गीकरण त्याआधीचे आहे. पहिल्या वर्गातील कर्जदाराच्या मालमत्तेचे उत्पन्न व्याज आणि मुद्दल दोन्ही फेडते. दुसऱ्याचे उत्पन्न फक्त व्याजापुरते असते. मुद्दलासाठी त्याला कर्ज पुढे ढकलावे लागते. या दुसऱ्या वर्गालाच त्यांनी सट्टेबाज हे नाव दिले. तिसऱ्याच्या उत्पन्नातून व्याजही भागत नाही. त्याची सगळी भिस्त भाव वाढण्यावर. या तिसऱ्या वर्गाला त्यांनी चार्ल्स पॉन्झी या कुप्रसिद्ध ठकाचे नाव दिले, कर्जदार फसवणूक करतो म्हणून नव्हे, तर भाववाढ थांबली की हा डोलारा आपल्या बळावर उभा राहू शकत नाही म्हणून.

वरच्या उदाहरणातला आपला सज्जन, वेळेवर हप्ता भरणारा गोवेकर या कोष्टकात तिसऱ्या वर्गात बसतो. त्याला सावरून धरतो तो त्याचा पगार. म्हणजे घराची जोखीम आणि नोकरीची जोखीम एकाच दोरीला बांधलेली आहे. नोकरी गेली किंवा जहाजावरचा पुढचा करार लांबला, तर घर स्वतःला पोसू शकत नाही, आणि नेमक्या अशाच वेळी ते घाईने विकावे लागते. म्हणून भाड्याचे घर कर्जाने घेणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न ‘भाव किती वाढेल’ हा नव्हे. पगार बंद झाला तर हे घर मी किती महिने धरून ठेवू शकेन, हा तो प्रश्न आहे. उत्तर सहा महिन्यांपेक्षा कमी येत असेल तर कर्ज कमी करावे किंवा विचार सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्याजावरील करसवलत हा अनेकांचा आधार असतो, पण तोही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, व्याजही वजा होते. व्याज भाड्यापेक्षा जास्त झाले की होणारा तोटा जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतच पगारासारख्या इतर उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत तोही येत नाही. करसल्लागाराने दहा वर्षांपूर्वी मांडून दिलेला हिशेब आज जसाच्या तसा वापरू नये.

भाडे इथल्या पगारातून, भाव बाहेरच्या पैशातून

गोव्यात भाडे आणि भाव यांच्यात एवढी दरी का, याचे उत्तर दोन्हींचे पैसे कुठून येतात यात आहे. वर्षभराच्या करारावर राहणारा भाडेकरू इथेच कमावतो. वेर्णा औद्योगिक वसाहतीतला तंत्रज्ञ, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील परिचारिका, पणजीतल्या सरकारी कार्यालयातला कर्मचारी, झुवारीनगरच्या बिट्स पिलानीत किंवा फर्मागुडीच्या आयआयटीत शिकणाऱ्या मुलाचे पालक. भाडे त्यांच्या पगाराच्या एका ठराविक हिश्श्यापलीकडे जाऊ शकत नाही. घराचा भाव मात्र मुंबई, दिल्ली, बंगळुरूत जमलेल्या संपत्तीशी स्पर्धा करतो. तिथल्या खरेदीदाराला भाडे नको असते. त्याला सुट्टीचे घर, समुद्राजवळचा पत्ता किंवा पैसा ठेवायला जागा हवी असते. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पाचातले एक घर रिकामे आढळले होते, ते याच कारणाने. बंद फ्लॅटचा मालक तर सट्टेबाजांतही सर्वांत निखळ. तो घरपट्टी आणि देखभाल खर्च भरत राहतो तो केवळ भाववाढीच्या आशेवर, आणि दर पावसाळ्यानंतर कपाटातली बुरशी पुसतो.

गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला या दरीचा अर्थ दुहेरी लागतो. ज्याच्याकडे घर आहे त्याला कागदावर श्रीमंती दिसते. त्याच्याच मुलाला लग्नानंतर स्वतंत्र बिऱ्हाड करायचे तर त्याच भावाने घ्यावे लागते. म्हणून भाव सतत वाढत राहावा ही इच्छा घरातल्या घरात एकमेकांविरुद्ध जाते, आणि चर्चेत हे फारसे कोणी बोलून दाखवत नाही.

मागणी एकाच उगमावर अवलंबून असेल तर भाडेही डळमळीत होते. खाणपट्ट्याने हे दोनदा अनुभवले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिज उत्खनन थांबवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खनिज वाहतुकीच्या जोरावर ज्यांनी ट्रक घेतले, चालक आणि कामगारांसाठी खोल्या बांधल्या, त्यांचे उत्पन्न घराच्या दर्जावर नव्हे, एका उद्योगाच्या परवान्यावर उभे होते. एकाच कारखान्याच्या किंवा एकाच महाविद्यालयाच्या दाराशी घर घेताना हे लक्षात असावे. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को यांच्या निकट, बसच्या वाटेवर असलेले साधे घर दिसायला आकर्षक नसते. पण त्याला पाच प्रकारचे भाडेकरू मिळू शकतात.

पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने

किनारी पट्ट्यात आज फ्लॅट विकताना दिले जाणारे गणित निराळे असते. रात्रीचे भाडे गुणिले तीस, गुणिले बारा. हे भाडे नव्हे, हा हॉटेलचा धंदा आहे. त्याला धुलाई, सफाई, वीज, संकेतस्थळाचे कमिशन, व्यवस्थापकाचा वाटा आणि जून ते सप्टेंबर हे मंद महिने असतात. पर्यटकांना जागा देण्यासाठी १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती द्यावी लागते, आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांची कुरकुर ही वेगळीच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा हे सगळे उत्पन्न एका आठवड्यात शून्यावर आले. तेव्हाही हप्ते आणि देखभाल खर्च डोक्यावर होतेच.

अशा घरासाठी एकच कसोटी पुरेशी वाटते. उद्या पर्यटक येणे थांबले तर हेच घर स्थानिक कुटुंबाला वर्षभराच्या करारावर किती भाड्याला जाईल? त्या भाड्यावर घर परवडत असेल तर पर्यटनाचे उत्पन्न हा वरचा लाभ. परवडत नसेल तर आपण एका मोसमी धंद्यात उतरतो आहोत, आणि मग धंद्याच्या नियमांनीच त्याचा विचार करावा.

‘खात्रीशीर परतावा’ देणाऱ्या योजना याहून वाईट. बिल्डर बांधकाम पूर्ण होईपर्यंत किंवा पुढे काही वर्षे अमुक टक्के भाड्याची हमी देतो. बाजारात निव्वळ भाडे दोन-तीन टक्क्यांवर असताना कोणी नऊ-दहा टक्क्यांची हमी देत असेल, तर ती रक्कम बहुधा घराच्या वाढीव किमतीतूनच परत दिली जाते. आपलेच पैसे आपल्यालाच हप्त्याने. हमी देणारी संस्था बुडाली तर हमीही तिच्याबरोबर जाते.

मोपा, झोन आणि बातमीचा भाव

पेडणे तालुक्यात मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. विमानतळ येणार ही बातमी मात्र त्याआधी कित्येक वर्षे लोकांना ठाऊक होती, आणि त्या बातमीचा भाव जमिनीत तेव्हापासूनच मिसळत गेला. रस्ता, पूल, विमानतळ यांच्याबाबतीत हे नेहमीच घडते. सर्वांना ठाऊक असलेली सुवार्ता आजच्या किमतीत आधीच मोजलेली असते. उद्घाटनानंतर जो घेतो, तो सुवार्तेचे पैसे मागच्या मालकाला देतो.

जमिनीच्या बाबतीत यात झोनचा सट्टा मिसळतो. शेती किंवा बागायत म्हणून नोंदलेली जमीन ‘पुढे सेटलमेंटमध्ये येणार’ या भरवशावर विकली जाते. हा भरवसा किती तकलादू असतो याचे पुरावे गोव्याच्या अलीकडच्या इतिहासातच आहेत. २००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या विरोधानंतर २००७ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला. नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये घातलेल्या कलम १७(२) खाली अनेक भूखंडांचे झोन ‘दुरुस्त’ झाले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम रद्द केले आणि कलमाची व्याप्ती आवळली. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत. किनाऱ्यालगत आणि खाडीकाठी सीआरझेडचे नियम आहेतच. ‘झोन बदलणार आहे’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी आले की जी किंमत सांगितली जाते तिचा मोठा भाग सरकारी निर्णयावरची पैज असतो, आणि ती पैज हरली तर हाती शेतजमीन उरते.

कागद

भाड्याच्या परताव्यावर इतका वेळ घालवून कागदपत्रांवर घाईने सही करणारे लोक कमी नाहीत. वस्तुतः गोव्यात सर्वांत मोठी जोखीम मालकी हक्काची आहे. २०२२ मध्ये बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्यीय आयोगही स्थापन करावा लागला. परदेशी स्थायिक झालेल्या किंवा निधन पावलेल्या मालकांच्या जमिनी त्यात मुख्यत्वे लक्ष्य झाल्या होत्या.

एक-चौदाच्या उताऱ्यावर विक्रेत्याचे नाव आहे एवढ्यावर विसंबू नये. त्याच उताऱ्यावर कूळ किंवा इतर हक्कांच्या रकान्यात कोणाची नोंद आहे हे पाहावे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा यांखालील हक्क जमीन विकली म्हणून संपत नाहीत. जुने घर आवारासह घेणाऱ्याने आवारात राहणाऱ्या कुटुंबाची चौकशी स्वतः जाऊन करावी. जमीन कोमुनिदादची असेल तर व्यवहाराचा विचार वकिलाशिवाय करूच नये. फ्लॅटच्या बाबतीत रूपांतराची सनद, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद हवेतच. पंचायतीने घर क्रमांक दिला, घरपट्टी घेतली, वीज जोडली, म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. ही समजूत गोव्यात इतकी पसरली आहे की तिच्यावर विसंबून लोकांनी आयुष्याची कमाई घातली आहे.

२०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला खरेदीदारांकडून घेतलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले आणि कार्पेट एरिया सांगणे सक्तीचे केले. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. गोव्यातील गावागावांत उभ्या राहणाऱ्या छोट्या इमारती आणि चार-सहा बंगल्यांच्या वसाहती अनेकदा या सवलतीत बसतात. तिथे खरेदीदाराला रेराचे कवच नसते. अपूर्ण प्रकल्पात घर घेतल्यास साधारणपणे ५ टक्के जीएसटीही लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला तो लागत नाही. तयार घराचा भाव जास्त वाटतो, पण त्यात हा कर, वाट पाहण्याचा काळ आणि काम अर्धवट राहण्याची भीती नसते.

भाडेकरू न निघण्याची भीती हेही घरे बंद राहण्याचे एक कारण आहे. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली पणजी, मडगाव, म्हापशाच्या जुन्या वस्त्यांत नाममात्र भाड्यावर पिढ्या राहिल्या, त्याच्या आठवणी घरमालकांच्या मनात ताज्या आहेत. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स कराराची रीत यातूनच आली, आणि एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची असल्यानेही. करार लेखी असावा, अनामत रक्कम बँकेतून घ्यावी, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. एवढे केले तरी नव्वद टक्के कटकटी टळतात, असा जाणत्या वकिलांचा सूर असतो. चांगला भाडेकरू मिळाला तर भाडे पाचशे रुपयांनी वाढवण्यापेक्षा त्याला टिकवून ठेवणे मालकाच्या फायद्याचे असते. वरच्या उदाहरणात एक रिकामा महिना २२ हजारांचा होता; पाचशेची वाढ वर्षाला सहा हजारच देते.

बाहेर पडण्याची वाट

ठेव मोडायला एक दिवस लागतो, घर विकायला कधी वर्ष लागते. गोव्यात त्यात आणखी एक गाठ असते. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेनुसार विवाहपूर्व करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक ठरते. एकाने आपल्या कमाईतून घेतलेला फ्लॅट दुसऱ्याच्या सहीशिवाय विकता येत नाही. घेतानाही हेच पाहावे लागते. विक्रेता विवाहित असून खरेदीखतावर जोडीदाराची सही नसेल तर तो दस्त वादाला आमंत्रण देतो. एकाचा मृत्यू झाला तर अर्धी मालमत्ता हयात जोडीदाराचीच राहते, आणि मृताच्या अर्ध्या भागातला निम्मा हिस्सा मुलांसाठी राखीव असतो. मृत्युपत्राने तो हिरावून घेता येत नाही.

मुले लिस्बन, लंडन आणि दुबईत असतील तर प्रत्येकाचे मुखत्यारपत्र, वारसांची नोंद, आणि एकमत नसेल तर २०१२ च्या वारसा कायद्याखालील इन्व्हेंटरी कार्यवाही, एवढे सगळे पार पडल्यावर घर बाजारात येते. दरम्यान भाडे कोणाच्या खात्यात जाणार, गळती कोण दुरुस्त करणार, घरपट्टी कोण भरणार, हे कोणी ठरवलेले नसते. म्हणून भाड्यासाठी घर घेतानाच पती-पत्नीने मुलांना सोबत बसवून तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. घर किती वर्षे ठेवायचे, कोणत्या परिस्थितीत विकायचे, आणि दोघांपैकी एक गेल्यास भाडे कोणी वसूल करायचे. खरेदीखत, सनद, भोगवटा प्रमाणपत्र, कर्जफेडीचा दाखला आणि भाडेकराराची प्रत एकाच फाइलमध्ये ठेवावी, आणि ती फाइल कुठे आहे हे दोघांखेरीज निदान एका मुलाला ठाऊक असावे.